वायपर घाटात मधोमध थांबतो: मोटर बदलायच्या आधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीचे एक गृहस्थ, नऊ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. जुलैमध्ये कराडहून कुंभार्ली घाट उतरताना वायपर आधी मंदावले, मग काचेच्या मधोमध उभेच राहिले. गाडी बाजूला घेऊन पंधरा मिनिटं थांबल्यावर आपोआप चालू झाले. तेव्हापासून स्विच बंद केला की वायपर खाली येऊन बसत नाहीत, कुठेही थांबतात. फास्टवर टाकले तर त्यातल्या त्यात बरे चालतात. फ्यूज शाबूत आहे. गॅरेजवाल्यानं ‘मोटर गेली’ म्हणून साडेचार हजार सांगितलेत. गणपतीला गुहागरला गावी जायचंय, तर मोटर बदलू का?

नका बदलू. निदान आज तरी नका.

मी चिपळुणात सव्वीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. जून लागला की वायपरच्या तक्रारींची रांग लागते, आणि ‘मोटर गेली’ असं ऐकून आलेल्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त गाड्यांची मोटर धडधाकट निघते. तुमचीही तशीच निघेल असं मला वाटतं, कारण तुम्ही लिहिलेली एक गोष्ट: पंधरा मिनिटांनी आपोआप चालू झाले. जळालेली मोटर विश्रांती घेऊन बरी होत नाही. बऱ्याच वायपर मोटरींच्या आत दोन धातूंची एक बारीक पट्टी बसवलेली असते. मोटर फार तापली की ती पट्टी वाकते आणि करंट तोडते, थंड झाली की सरळ होऊन पुन्हा जोडते. म्हणजे तुमच्या मोटरीनं घाटात स्वतःचा जीव वाचवला. आता विचारायचं ते हे की ती एवढी तापली कशानं. बैल धापा टाकतोय म्हणून बैल विकायला काढण्याआधी चाकाला वंगण आहे का ते बघतात ना, तसंच.

वायपर म्हणजे नुसती मोटर नव्हे. मोटरीच्या पोटात एक गिअर, गिअरच्या शाफ्टला एक छोटी क्रँक, म्हणजे गोल फिरणारा आखूड हात, क्रँकला पत्र्याच्या दोन लांब दांड्या, त्या दांड्यांच्या टोकाला प्लॅस्टिकच्या वाट्या, वाट्या ज्या गोळ्यांवर बसतात त्या स्पिंडलच्या तंगड्यांना. स्पिंडल काचेखालून वर डोकावतात आणि त्यांच्या डोक्यावर आपल्याला दिसतो तो वायपरचा दांडा. मोटर एकाच दिशेनं गोल फिरत राहते, पुढेमागे हलवायचं काम सगळं या दांड्यांचं. या सगळ्या जोडणीला लिंकेज म्हणतात. पावसाचं पाणी, चिखल, झाडाचा पाला हे सगळं नेमकं या दांड्यांच्या आणि स्पिंडलच्या अंगावर पडतं. मोटर त्यामानानं आत, आडोशाला असते.

म्हणून पहिली तपासणी हातानं करायची, मीटरनं नाही.

वायपर स्विच बंद करून ते खाली बसले असतील तर उत्तम. नाहीतर एकदा चालू-बंद करून जितके खाली येतील तितके येऊ द्या. मग चावी काढा आणि वायपरचा फ्यूजही काढून ठेवा. हे मी उगाच सांगत नाही. काचेखाली हात घातलेला असताना कोणीतरी आत बसून चावी फिरवली, तर त्या दांड्या कात्रीसारख्या चालतात. माझ्याकडच्या एका पोराचं नख असंच गेलं, आणि चावी फिरवणारा गाडीचा मालकच होता; ‘चालू झालं का बघत होतो’ म्हणाला.

काचेवर ब्लेड जिथे टेकलंय तिथे चिकटपट्टीची खूण करा. मग काचेवर जाड टॉवेल किंवा गोणपाट अंथरा आणि त्यानंतरच दांडा उचला. ब्लेड काढलेला उघडा दांडा हातातून सुटला तर आतली स्प्रिंग त्याला अशी आपटते की वायपरच्या दुरुस्तीला आलेला माणूस नव्या काचेचं बिल घेऊन जातो. दांड्याच्या बुडाशी प्लॅस्टिकची टोपी असते, तिच्याखाली नट. नट काढून दांडा डावी-उजवीकडे हलवत वर काढायचा. निघत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. नट दोन आटे चढवून ठेवा, बुडाशी थोडं गंज सोडवणारं तेल सोडा, चहा पिऊन या आणि मग हलवा.

त्यानंतर काचेखालची काळी प्लॅस्टिकची जाळी, आमच्याकडे सगळे तिला काउल म्हणतात. काही स्क्रू, काही क्लिपा. क्लिपा नऊ वर्षांच्या गाडीत हमखास तुटतात, दुकानातून चार जास्तीच्या आणून ठेवा. जाळी उचलली की आत काय दिसेल ते गाडी कुठे उभी असते त्यावर. आंब्याखाली उभी राहणाऱ्या गाडीत मी कुजलेल्या पानांचा अक्षरशः वीतभर थर काढलाय, त्यात गांडुळं होती. तो पाला आधी पूर्ण काढा आणि दोन्ही कोपऱ्यांतली पाणी जायची भोकं बोट घालून मोकळी करा. ही भोकं बुजली की काचेवरून उतरणारं पाणी आत साचतं आणि मोटर त्यात बसून राहते. तेच पाणी पुढे ब्लोअरवाटे पायाखालच्या मॅटपर्यंत येतं. पावसाळ्यात ‘गाडीत कुबट वास येतो’ म्हणून कित्येक जण एसीचं काम करून घेतात आणि मूळ कारण असतं आंब्याची पानं.

आता खरी परीक्षा. मोटरीच्या क्रँकवरून दांडीची प्लॅस्टिकची वाटी पान्यानं हळूच उचकटून सोडवा. मोटर एकीकडे, सगळं लिंकेज दुसरीकडे. दांडी हातात धरून लिंकेज मागेपुढे हलवा. दोन बोटांनी, कुरकुर न करता हललं पाहिजे. दंड लावावा लागत असेल, तर चोर सापडला.

तुमच्या गाडीत मला हाच संशय आहे, आणि त्यातही बहुतेक ड्रायव्हरच्या बाजूचा स्पिंडल. हा स्पिंडल म्हणजे लोखंडी शाफ्ट आणि तो ज्या नळीत फिरतो ती बहुधा ॲल्युमिनियमची. कारखान्यात भरलेलं ग्रीस सात-आठ पावसाळ्यांत धुऊन जातं. वरचं रबरी वॉशर उन्हानं कडक होऊन फाटतं, पाणी आत उतरतं आणि ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी धरते. ती भुकटी फुगते आणि शाफ्टला आवळते. बाहेरून काहीच दिसत नाही. मोटर बिचारी ओढत राहते, करंट जास्त घेते, तापते. कोरड्या दिवशी चाचणीपुरतं अर्धा मिनिट चालवलं तर गॅरेजमध्ये सगळं ठीक वाटतं. घाटात तासभर सलग धो धो पावसात चालवलं की मोटर हात टेकते. समुद्राकाठच्या गाड्यांत, गुहागर-दापोली पट्ट्यात, हे चार-पाच वर्षांतच होतं. खारा वारा कोणाला सोडत नाही.

स्पिंडल बदलायची गरज दरवेळी नसते. लिंकेजचे बोल्ट काढून ते सगळं बाहेर घ्या आणि बाकावर ठेवा. शाफ्टच्या वरच्या टोकाला खाचेत एक लहान लॉक रिंग असते, ती काढली की शाफ्ट खालून बाहेर यायला हवा. येत नसेल तर नळीला गरम हवेच्या बंदुकीनं शेकायचं, प्लॅस्टिकची वाटी जवळ असते म्हणून जपून, आणि तेल सोडून हातानं मागेपुढे फिरवत राहायचं. हातोडी मारायचीच झाली तर लाकडाचा ठोकळा मध्ये ठेवून, नाहीतर शाफ्टचं तोंड पसरतं आणि वर नट चढत नाही. परवाच एका जीपच्या स्पिंडलला मला पाऊण तास लागला. बाहेर आला तेव्हा शाफ्टवर चुन्यासारखी पांढरी पुटं होती आणि ग्रीसचं काळं डांबर झालेलं. बारीक पॉलिश पेपरनं शाफ्ट चकचकीत केला, नळीत तोच पेपर काडीला गुंडाळून फिरवला, पेट्रोलनं धुतलं, वाळवलं, पाण्याला दाद न देणारं चिकट ग्रीस भरलं, नवा रबरी वॉशर टाकला. लिंकेज बोटानं ढकलल्यावर स्वतःच्या वजनानं खाली आलं. मोटर तीच, जुनीच. वायपर असा चालायला लागला की मालक म्हणाला, ‘स्लोवर ठेवलाय का फास्टवर?’

एक सूचना. पुष्कळ जण वरून स्पिंडलवर गंजाचा स्प्रे मारतात, वायपर दोन दिवस छान चालतो आणि माणूस खूश होतो. तो स्प्रे उरलंसुरलं ग्रीसही धुऊन नेतो. गावी पोचण्यापुरता मारायला हरकत नाही, पण त्याला दुरुस्ती समजू नका.

लिंकेज मोकळं निघालं तर? मग मोटरीकडे वळायचं. फ्यूज परत लावा, क्रँक मोकळीच ठेवा, हात लांब, आणि वायपर चालू करा. ओझं नसताना मोटर दोन्ही वेगांवर आवाज न करता, सारख्या लयीत फिरली पाहिजे. अडखळत असेल तर ती मोटर खराब म्हणण्याआधी तिला पुरेसा करंट मिळतोय का ते बघायचं, आणि इथे बरेच मिस्त्री फसतात. ते मोटरीचा कप्लर, म्हणजे वायरींचा प्लॅस्टिकचा जोड, काढतात, मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात आणि म्हणतात, करंट येतोय, म्हणजे मोटरच गेली. अहो, वायरीची एकच तार शिल्लक असली तरी कप्लर मोकळा असताना मीटर १२ च दाखवणार. नळाची तोटी बंद असताना पाइपात दाब पूर्णच असतो. तोटी उघडली की कळतं धार करंगळीएवढी आहे. म्हणून मोजायचं ते कप्लर लावलेला असताना, मोटर चालू असताना, मागच्या बाजूनं सुई सरकवून.

इंजिन चालू ठेवा. बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतील. मोटरीच्या कप्लरवर, वायपर फिरत असताना, त्याहून फार तर अर्धा-पाऊण व्होल्ट कमी चालेल. तिथे ११ किंवा १० दिसले तर वाटेत कोणीतरी खातंय. मग मीटरची काळी सुई बॅटरीच्या मायनसला आणि लाल सुई मोटरीच्या अर्थच्या, म्हणजे करंट बॉडीत परत जायच्या, पिनेला. वायपर चालू असताना इथे ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी यायला हवं. एक-दीड व्होल्ट आले तर अर्थ खराब आहे. अर्थची वायर सहसा काउलच्या आसपास बॉडीला एका बोल्टनं कसलेली असते आणि पाला कुजतो तोही तिथेच. बोल्ट काढा, खालचा पत्रा आणि वायरीचं टोक पॉलिश पेपरनं चकाकवा, कसा, वरून थोडं ग्रीस फासा. दहा मिनिटांचं काम. या दहा मिनिटांच्या कामानं वाचलेल्या मोटरी मी मोजायचं केव्हाच सोडून दिलंय.

अर्थ चांगला आणि तरी व्होल्ट कमी असतील तर रिले, म्हणजे करंटनं आपोआप चालणारा छोटा स्विच, किंवा स्टिअरिंगखालची दांडी, म्हणजे हातानं चालवायचा स्विच. स्विचमधले तांब्याचे संपर्क काळे पडतात, काही गाड्यांत भोवतालचं प्लॅस्टिक वितळलेलं सापडतं. तेही पुन्हा जाम स्पिंडलचंच पाप असू शकतं: मोटर जास्त करंट ओढते आणि त्याचा चटका स्विचला बसतो. नुसता स्विच बदलून दिला तर गिऱ्हाईक वर्षभरात परत येतं. आणि एक गोष्ट: स्टिअरिंगच्या खांबाजवळ पिवळ्या कप्लरच्या किंवा पिवळ्या पट्टीच्या वायरी दिसल्या तर तिथे टेस्ट लॅम्प नेऊ नका. त्या एअरबॅगच्या असतात. तिथलं काम जाणत्याकडून, बॅटरीची वायर काढूनच.

तुमच्या दुसऱ्या तक्रारीबद्दल, वायपर खाली येऊन बसत नाहीत ती. आपण स्विच बंद करतो तेव्हा मोटर लगेच बंद होत नाही. मोटरीच्या गिअरवर तांब्याची एक चकती असते. तिच्यातून मोटरीला वेगळा करंट मिळत राहतो, आणि वायपर खाली टेकले की चकतीतली खाच येते, करंट तुटतो. वायपर स्विच बंद केल्या क्षणी जिथल्या तिथे गोठत असतील तर ती चकती झिजलीय किंवा तिच्याकडे येणारी वायर तुटलीय. उलट स्विच बंद करूनही वायपर थांबतच नसतील तर चकतीचा संपर्क किंवा रिले चिकटलाय. पण तुमच्यासारखं, कधी इथे कधी तिथे, खाली येता येता दमून थांबतात, असं असेल तर पुन्हा तेच: जाम लिंकेज किंवा कमी करंट. दोन तक्रारींची दोन बिलं करायची गरज नाही. फास्टवर बरं चालतं हेही याच्याशी जुळतं. मोटरीत फिरत्या भागाला करंट पोचवणारे तीन ठोकळे, म्हणजे कार्बन, असतात, एक सामायिक, एक स्लोचा, एक फास्टचा. फास्टचा कार्बन आडवा बसवलेला असतो, त्यानं मोटर जास्त वेगानं फिरते आणि करंटही जास्त ओढते. अडलेला स्पिंडल त्या झटक्यानं पार होतो. मात्र फास्टवरच जास्त वेळ चालवलं तर मोटर आणखी लवकर तापेल, हे घाटात लक्षात ठेवा.

लिंकेज मोकळं असून स्लो अजिबात चालत नसेल आणि फास्ट व्यवस्थित चालत असेल, तर मात्र स्लोचा कार्बन झिजलाय किंवा स्विचमधला स्लोचा संपर्क गेलाय. मोटरीला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच टकटक केल्यावर ती फिरायला लागली तर कार्बन नक्की. पूर्वी आम्ही कार्बन बदलून मोटर परत द्यायचो. आता सुटे कार्बन मिळवायला मुंबईला फोन करावा लागतो आणि पुष्कळ मोटरींची टोपी चेपून बंद केलेली असते, उघडली तर परत नीट बसत नाही. अशा वेळी मोटर बदला, मी स्वतः बदलतो. फक्त इंटरमिटंट, म्हणजे थांबून थांबून फिरणं, चालत नसेल, बाकी दोन्ही वेग ठीक, तर रिले. बऱ्याच नव्या गाड्यांत ते काम बॉडीच्या कंट्रोल मॉड्यूलकडे असतं, तिथे स्कॅनर लागतो.

मोटरीचा आवाज येतो पण वायपर हलत नाहीत, ही वेगळी गोष्ट. दोन्ही हलत नसतील तर क्रँकचा नट सुटलाय किंवा पहिलीच वाटी गोळ्यावरून निसटलीय. एकच हलत नसेल तर त्या बाजूचा दांडा. दांड्याच्या भोकातले दाते झिजतात आणि स्पिंडल आत नुसता फिरतो. नट कसून बघा, पण दाते गेले असतील तर दांडाच बदलावा लागतो. प्लॅस्टिकच्या वाट्यांची गंमत अशी की कंपनीच्या काउंटरवर बहुतेक वेळा अख्खं लिंकेज घ्या म्हणतात आणि बाजूच्या स्पेअरच्या दुकानात त्याच मापाच्या वाट्या सुट्या मिळतात. जुना गोळा बरोबर घेऊन जा. रस्त्यातच निसटली तर वाटी दाबून बसवा, वरून प्लॅस्टिकची पट्टी किंवा बांधकामाची तार आवळा, घरी पोचाल.

फ्यूज तुमचा शाबूत आहे, पण वाचणाऱ्या इतरांसाठी: फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपिअरचा घाला. पुन्हा उडाला तर थांबा. १५ च्या जागी ३० घालणं किंवा वायरीची तार गुंडाळणं म्हणजे जाम झालेल्या वायपरचा चटका डॅशबोर्डमागच्या वायरिंगला देणं. अशी एक गाडी माझ्याकडे टो होऊन आली होती, फ्यूजच्या जागी सिगरेटच्या पाकिटातली चंदेरी. वायरिंगचा जुडगा एकत्र वितळून त्याची काकवी झाली होती.

मोटर खरोखर कधी जाते तेही सांगतो. २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा चिपळुणात शेकडो गाड्या बुडाल्या. त्यानंतर जे वायपर आले त्यांत मोटर उघडली की आत गाळ. गमतीचा भाग हा की यांतल्या कित्येक मोटरी पूर उतरल्यावर चालू होत्या. पत्र्याच्या कवचाला आतून गंज धरायला महिना-दोन महिने लागले. कवचाला चिकटवलेली लोहचुंबकं गंजानं सुटली आणि आतल्या फिरत्या भागावर घासायला लागली. घासल्याचा खरखर आवाज, मग अचानक बंद. पुरात किंवा तुंबलेल्या रस्त्यात बॉनेटपर्यंत बुडालेली जुनी गाडी घेतली असेल तर वायपर आज चालतात म्हणून निश्चिंत राहू नका. आणि पाल्यानं बुजलेली काउलची भोकं हा मोटरीसाठी दर पावसाळ्यातला छोटा पूरच.

मोटर बदलायचीच वेळ आली तर नवी मोटर आधी कप्लरला जोडा, एकदा चालू करून बंद करा, म्हणजे ती आपल्या थांबण्याच्या जागी येऊन उभी राहील. मगच क्रँक, जुनी ज्या कोनात होती त्या कोनात. हा क्रम चुकला की वायपर खाली बसायच्या जागी काचेच्या मध्ये बसतात किंवा काचेच्या बाजूच्या खांबावर आपटतात, आणि मग नवी मोटरही खराब निघाली म्हणून भांडण.

ब्लेडबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल, म्हणून थोडं. नऊ वर्षांत ब्लेड किती वेळा बदलली ते आठवा. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात रबर कडक होतं आणि लोकांना त्याची आठवण पहिल्या पावसात, रात्री, समोरून ट्रक येताना होते. मेच्या शेवटी बदला. काचेवर एकच बारीक रेघ राहत असेल तर रबराला चीर आहे किंवा खडा अडकलाय. मधला रुंद पट्टा कोरा राहत असेल तर दांड्याची स्प्रिंग सैल किंवा ब्लेडचं माप चुकलंय. जाताना गप्प आणि येताना थडथड, तर दांडा पिळलाय आणि रबर काचेवर उभं राहत नाही. तो किंचित पिळून सरळ करता येतो. सगळीकडे धूसर फराटा उठत असेल तर नवी ब्लेड आणू नका, काच धुवा. महामार्गावर पुढच्या गाड्यांचा धूर आणि तेलकट तुषार यांचा थर काचेवर बसतो, वॉशिंग सेंटरचं पॉलिशही उडून बसतं. आधी शाम्पूनं धुवा, मग मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट फडक्यावर घेऊन काच आणि रबराची धार दोन्ही पुसा. फडक्यावर काळं निघेल ते बघून थक्क व्हाल. रबराला रॉकेल किंवा डिझेल लावू नका, ते फुगतं. आणि धूळ बसलेल्या कोरड्या काचेवर वायपर कधीच चालवायचा नाही. जांभ्या दगडाची लाल धूळ काचेवर अर्धवर्तुळाकार ओरखडे काढते, ते पुढे कशानंच जात नाहीत.

पाणी उडवणाऱ्या नळ्यांचं पटकन: पंपाचा आवाज येतो पण पाणी येत नाही, तर बॉनेट उघडून नळी सुटलीय किंवा उंदरानं कुरतडलीय का बघा. नळी ठीक असेल तर बोअरच्या पाण्याचा क्षार तोंडाशी जमलाय, टाचणीनं मोकळा करा. टाकीत कपड्याची पावडर टाकू नका, फेसाचा पांढरा थर रंगावर आणि काचेवर राहतो.

आता गणपतीचं. निघायच्या आधी एक रविवार काढा. जाळी उघडा, पाला काढा, दांडी सोडवून लिंकेज दोन बोटांनी हलवून बघा, अर्थचा बोल्ट घासा. स्पिंडल जाम निघाला आणि तो सोडवायची हत्यारं नसतील, तर गॅरेजवाल्याला मोटर बदला असं न सांगता ‘लिंकेज बाहेर काढून स्पिंडल साफ करून ग्रीस भरून दे’ असं सांगा, आणि समोर उभे राहा. नंतर काच ओली ठेवून स्लोवर वीस मिनिटं सलग चालवा. नळीनं पाणी सोडत राहायला घरातल्या कोणाला तरी उभं करा. वीस मिनिटांनी मोटरीच्या कवचाला हात लावता आला आणि वायपर खाली जाऊन शांत बसले, तर साडेचार हजार वाचले. कवच हात लावू देत नसेल आणि लिंकेज मोकळं असेल, तर मात्र तुमचा गॅरेजवाला बरोबर होता.

एवढं करूनही रस्त्यात बंद पडलेच, तर वळणावर थांबू नका. गाडी रुंद जागी घ्या, हॅझर्ड लावा आणि सरीचा जोर ओसरू द्या. आमच्याकडचे जुने ट्रकवाले काचेला बाहेरून तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळायचे. पाण्याचे थेंब न ठरता पातळ पडदा होऊन वाहतात, दिवसा हळूहळू दहा-बारा किलोमीटर जाता येतं. रात्री मात्र समोरच्या दिव्यानं काहीच दिसत नाही, तेव्हा तो प्रयोग नको. आणि पुष्कळदा वायपर चालू असूनही काच धूसर असते, कारण धुकं आतल्या बाजूला असतं. एसी चालू करा, हवा काचेवर वळवा. गेल्या वर्षी पेढांब्याच्या पुढे एक कुटुंब पावसात उभं राहून बाहेरून काच पुसत होतं. मी गाडी थांबवून आतून बोट फिरवून दाखवलं.